कोरडी गिळलेली गोळी

शाहूपुरीत आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीसमोरच्या चाळीत तळमजल्याला शिवगंगाक्काचं बिऱ्हाड. बिऱ्हाड कसलं, दवाखान्याला आलेल्यांची धर्मशाळाच ती. तिचा नवरा शिवकुमार गुळाच्या अडतीवर दिवाणजी होता. माणूस इतका गरीब, की बोलायला लागला तरी कुणाचं लक्ष जात नसे. दोघंही गडहिंग्लजच्या पलीकडची, जिथं मराठी संपत जाते आणि कानडी सुरू होते तिथली, लिंगायत. घरात निम्मं हे, निम्मं ते चालायचं. खोल्या दोनच, पण त्या दोन खोल्यांत नव्वद सालापासून किती म्हातारी माणसं पडून गेली, त्याला गणतीच नाही.

आमच्या भागातली रीतच आहे ती. खेड्यातल्या माणसाचं दुखणं वाढलं की त्याला आधी डॉक्टर आठवत नाही, कोल्हापुरातला पाहुणा आठवतो. सकाळच्या एसटीनं स्टँडवर उतरायचं, पाहुण्याच्या उंबऱ्यात पिशवी टेकवायची आणि म्हणायचं, "आता तुमीच बघा." झालं. ते दुखणं आता पाहुण्याचं. शिवकुमारचे चुलते, चुलत्यांचे मेव्हणे, मेव्हण्यांच्या सासवा, सगळे यायचे. ज्ञानू म्हणून एक म्हातारा तर कुठल्याच नात्याचा नव्हता. एसटीत एका चुलत्याच्या शेजारी बसला होता, तेवढ्या ओळखीवर गुडघा दाखवायला आला आणि चांगलं आठवडाभर राहून गेला.

मी भडकायचे. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज मुळातच मोठा. मी रस्त्याच्या अलीकडून ओरडायचे, "अक्का, दारावर लाल फुलीची पाटी तरी लाव की."

ती हसायची. "असू द्या वो वैनी. कुणीतरी करायलाच पायजे की." आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. तशी, पदर खोचत, पायात चप्पल अडकवत ती म्हणायची, "पळतो हं," आणि खरोखरच पळायची.

पळावंच लागायचं. हृदयाचा डॉक्टर एका पेठेत, साखरेचा दुसऱ्या, डोळ्याचा तिसऱ्या. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसे आणि ठाऊक करून घ्यायला कुणाला वेळ नसे. डोळेवाला म्हणणार, आधी साखरेची चिठ्ठी आणा. साखरवाला म्हणणार, रक्त तपासून या. रक्तवाला म्हणणार, उपाशी या. मधल्या मधे म्हातारं माणूस पिशवी धरून उभं. त्यात सगळ्यांना संध्याकाळची एसटी गाठायची असायची, कारण घरी म्हशीची धार काढायला कुणी नसायचं. या सगळ्यांची गाठ अक्का एका दिवसात घालायची. कुठला डॉक्टर कधी उठतो, कुठला कंपौंडर चहाला कधी जातो आणि आल्यावर कसा खुशीत असतो, सगळं तिच्या डोक्यात. इथं नंबर लावायचा, तिथं माणूस बसवायचं, तिसरीकडून कागद आणायचा. गडहिंग्लजच्या बाजारात म्हणे लोक बोलायचे, अक्काकडं गेलं की एका दिवसात तीन दवाखाने. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. मला राग यायचा खरा, पण कौतुकही वाटायचं, ते का लपवू?

इतक्या वर्षांत तिच्या माहेरचं मात्र कुणी आलं नव्हतं. तिचा बाप रुद्राप्पा हट्टी. "लेकीचा संसार म्हंजे काय दवाखाना हाय?" असं म्हणायचा, असं तीच सांगायची. शेवटी नव्व्याण्णव साली तोही आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

उंच, सरळ पाठीचा म्हातारा. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. मी पीठ द्यायला गेले तर आवाजाच्या दिशेनं हात जोडले. मी विचारलं, "काय म्हणताय अप्पा, डोळं करून घ्यायचं ठरलं?"

"करायचं की," तो म्हणाला. "शेत दिसंना, चालतंय. माणसं आवाजावरनं कळत्यात. पर पूजंला बसलो की हातातलं लिंग दिसंना झालंय बघा. नुसतं चाचपतो."

लिंगायतांत कडक पाळणारी माणसं रोज आंघोळ करून ते लिंग डाव्या तळहातावर घेतात, त्याच्याकडं टक लावून पूजा करतात आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाहीत. रुद्राप्पा त्यांतला. पोरवयापासून एक दिवस चुकवला नाही, असं अक्का अभिमानानं सांगायची. डोळे हवे होते ते एवढ्यासाठी. अक्कानं मनाशी पक्कं केलं होतं, अप्पाच्या हातावरचं लिंग अप्पाला दिसलं पाहिजे. इतक्या लोकांचं केलं, आता बापाचं करायचं.

साखरेच्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या होत्या आणि दम दिला होता, की एक गोळी जरी चुकली तरी डोळ्याचं ऑपरेशन विसरा. सकाळची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. डोळ्याचे मोठे डॉक्टर बाहेरगावचे. ते महिन्यातून एकदा येऊन ऑपरेशनं करायचे आणि या खेपेचा दिवस होता शनिवार. त्याआधी साखरेचा रिपोर्ट आणि हृदयाच्या डॉक्टरची 'चालेल' अशी चिठ्ठी हवी. अक्कानं नेहमीसारखा बेत आखला. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, तिथंच गोळी द्यायची, की घरी येऊन जेवण. मग दुपारी हृदयाचा डॉक्टर, संध्याकाळी डोळ्याचा दवाखाना. बेतात खोट काढायला जागा नव्हती. त्या सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून आंघोळ आणि पूजा मागं राहिली. परत येऊन जेवणाआधी उरकायची ठरली.

ते दोघं गेले तेव्हा मी गिरणीचा पट्टा चढवत होते. म्हातारा लेकीचा हात धरून सावकाश निघाला होता आणि ती त्याला ओढत नव्हती, पण ओढावंसं वाटत असावं, अशी चालत होती. मी नेहमीसारखी ओरडले, "अक्का, बापाला तरी पळवू नको." ती मागं वळून हसली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अक्कानं सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि बाकीचं दुसऱ्या एका बाईनं.

रक्त दिलं. अक्कानं गोळी काढून बापाच्या हातावर ठेवली आणि माठातलं पाणी आणलं. त्यानं पेला बाजूला सारला आणि गोळी कोरडीच गिळली. औषध म्हणजे काही अन्न नव्हे, ते चालतं, पण पाणी चालत नाही, हा त्याचा हिशेब. अक्काला वाटलं, म्हातारा ऐट करतोय. दोघं घराकडं निघाले, तर शेजारच्याच हृदयाच्या दवाखान्यातला कंपौंडर पायरीवरून म्हणाला, "अक्का, सायेब दुपारच्याला पुण्याला चालल्यात. आत्ता घुसवतो म्हाताऱ्याला. न्हाईतर मंगळवारी या."

मंगळवार म्हणजे शनिवार गेला. शनिवार गेला म्हणजे महिना गेला.

अक्का बापाला घेऊन पायरी चढली. जेवणाचं काय, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिनं समोरच्या बेकरीतून बनपाव आणला, गाड्यावरचा चहा आणला आणि बापाच्या हातात दिला. म्हणाली, "अप्पा, आजच्या दिवस देव माफ करतोय. गोळी घेतलीया. खावा." रुद्राप्पा म्हणाला, "आतु, मगळे." म्हणजे, बरं बाळ. लेकीला त्यानं आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. हेही खोटं नव्हतं, तो फक्त 'बरं' म्हणाला होता.

हृदयाचा आलेख काढून झाला. डॉक्टर चिठ्ठी थोड्या वेळानं देणार होते. अक्कानं बापाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. शेजारी शाहूवाडीकडची एक बाई, बनाबाई, नवऱ्याला घेऊन बसली होती. तिला "जरा बघा हं बाई" म्हणून सांगितलं आणि अक्का पळाली. तिकडं डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावला. रक्ताचा रिपोर्ट घेतला. मधे एकदा येऊन चिठ्ठी झाली का विचारून गेली, तेव्हा बापाच्या पायाशी रिकामा पेला बघितला आणि तिला बरं वाटलं. पुन्हा पळाली.

शेवटी सगळं हातात आलं. साखरेचा कागद, नंबर आणि 'ऑपरेशनला हरकत नाही' अशी हृदयाची चिठ्ठी. दुपार व्हायची होती अजून. इतक्या वर्षांत तिनं इतकं झटपट कुणाचं केलं नव्हतं. ती बाकापाशी आली आणि म्हणाली, "अप्पा, उठा. झालं सगळं." आणि त्याच्या हातावर हात ठेवला. हात ओला होता आणि थंडगार.

गिरणीशेजारच्या बूथवर फोन आला. पोऱ्यानं हाक मारली म्हणून मी गेले. अक्काचा आवाज अगदी रोजचा होता. "वैनी, येता काय? अप्पा उठंना झालाय." कुणाचे तरी गहू तसेच मशीनमध्ये सोडून, अंगावरच्या पिठासकट मी रिक्षात बसले.

तोवर त्याला मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. तपासणीच्या खोलीत टेबलावर रुद्राप्पा पडलेला, श्वास घरघरत होता. एक तरुण डॉक्टर अक्काला विचारत होता, "साखरेची गोळी घेतात? सकाळपासून काय खाल्लं?"

"बनपाव. चहा," अक्का म्हणाली. "मी सोता दिलाय."

"नक्की खाल्लं?"

"तर. मी आणलाय की. पेला बघितलाय मी." अक्काला त्या प्रश्नाचा रागच आला होता.

दारात बनाबाई उभी होती. नवऱ्याचा नंबर सोडून ती रिक्षातनं मागोमाग आली होती. तिनं खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतून कागदात गुंडाळलेला बनपाव काढला. आख्खा. तो तिनं अक्काकडं धरला नाही, टेबलाच्या कडेला ठेवला.

"म्हाताऱ्यानं मला दिलता," ती म्हणाली. "'माझी पूजा व्हायची हाय, तुझ्या नातवंडास्नी ने,' म्हणाला. च्या आमच्या ह्यास्नी दिला. 'लेकीला सांगू नको, बिचारी पळाय लागलीया,' असं म्हणाला."

डॉक्टरनं क्षणात बोटाला सुई टोचली, काहीतरी बघितलं आणि नर्सला हाक मारली. साखर जवळजवळ संपली होती. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. अक्का त्या बनपावाकडं बघत उभी होती. मी तिचा दंड धरला, तर लाकूड धरल्यासारखं वाटलं.

व्हरांड्यात बनाबाईनं मला बाकीचं सांगितलं. "म्हातारं ताठ बसलं डोळं मिटून. डावा हात मांडीवर असा उताणा. व्हट हलत व्हतं. कपाळावर भस्माचं पट्टं. आमी म्हटलं, जप करतंय. मग घाम फुटला, तर म्हटलं उकडत आसंल. कंपौंडरनं पंखा त्याच्याकडं फिरवला. पोरं दंगा कराय लागली, त्यास्नी मी गप केलं. म्हटलं, देवाचं नाव घेतंय, त्रास देऊ नगा. सगळी गप बसलो वो आमी. मानानं गप बसलो."

भर सकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, हृदयाच्या डॉक्टरच्या दारात, भरल्या बाकावर एक माणूस उपाशी विझत होता आणि सगळे त्याचा आदर करत होते. आत त्याच्या नावानं 'हरकत नाही' असं लिहिलं जात होतं. डॉक्टर खोटा नव्हता, त्याचं हृदय खरंच चांगलं होतं. कुणीच काही चुकीचं केलं नव्हतं, आणि मला तर वाटतं हेच सगळ्यात भयंकर होतं.

संध्याकाळी रुद्राप्पानं डोळे उघडले. अक्काला ओळखलं. पहिला शब्द आला तो "पूजा". अक्कानं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड, हात पुसले, डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. त्यानं हात अगदी डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ धरला. "दिसतंय काय अप्पा?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, पण व्हय की न्हाय ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मग तिनं चमच्यानं पाणी दिलं आणि त्यानं ते घेतलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. डॉक्टर म्हणाला होता, ती गोळी म्हाताऱ्या अंगाला लवकर सोडत नाही, साखर परत खाली जाऊ शकते. तशीच ती गेली. शनिवारी, ज्या दिवशी डोळे व्हायचे होते, त्याच दिवशी सकाळी तो गेला.

गावी मी गेले होते. लिंगायतांचं पुरणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते मेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत, बसवतात. रुद्राप्पाला भिंतीशी ताठ बसवलं होतं. मांडी घातलेली, डोळे मिटलेले, कपाळावर ताजे विभूतीचे पट्टे, डावा हात मांडीवर उताणा आणि त्यात लिंग. बनाबाईनं सांगितलं होतं, तसाच, हुबेहूब. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि बायकांनी मला धरलं. अक्का मात्र समोर बसून एकटक बघत होती. तिची आई, सगळे तिला अव्वा म्हणत, शेजारी बसली होती. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

कोल्हापुरात परत आल्यावर अक्का ते एकच म्हणायची, "गोळी कोरडी गिळली वो वैनी. कोरडी. तवाच कळायला पायजे हुतं." मी शिव्या घालायचे, तिला, डॉक्टरांना, त्या कंपौंडरला, पुण्याला. कुणाला घालायच्या ते कळत नव्हतं म्हणून सगळ्यांना. तिनं दार लावून घेतलं. पाहुण्यांना शिवकुमार उंबऱ्यातूनच परत पाठवायचा. हेही त्याला धड जमायचं नाही.

पण माणसाचं दुखणं थोडंच थांबतं? एक दिवस बिद्रीचा केरबा, शिवकुमारच्या मावशीचा दीर, छातीत दुखतंय म्हणून दारात बसला आणि उठेचना. "आता तुमीच बघा," म्हणाला. अक्का आतून आली. त्याची उंबऱ्यातली पिशवी उचलली. मग म्हणाली, "आत या."

तेव्हापासून परत माणसं येऊ लागली. अक्का मात्र ती राहिली नाही. पळणं संपलं. नंबर गेला तर गेला, एसटी चुकली तर चुकली, म्हशीचं बघू नंतर. आदल्या संध्याकाळीच पिंप भरून ठेवायची, कारण सकाळी नळाला पाणी नसलं तर. आधी आंघोळ, देव असेल तर देव, मग ताटावर बसवायची आणि स्वतः समोर बसायची. शेवटचा घास पोटात गेला की म्हणायची, "आ करा." ते म्हातारं माणूस लाजत, कुरकुरत तोंड उघडायचं. ती आत वाकून बघायची. गालात काही धरलेलं नाही ना, हे बघायची. केरबा तर बाहेर येऊन मला म्हणाला, "काय बाई हाय. बैलाचं दात बघितल्यागत बघत्या." मी त्याला तिथंच झापला. लोक नाराज होऊ लागले. पूर्वीची अक्का राहिली नाही, म्हणाले. एका दिवसाला आता तीन दिवस लागतात, म्हणाले. मी म्हणायचे, लागू देत.

दोन हजार तीनच्या सुमाराला अव्वा आली. तिच्याही डोळ्यांत मोतीबिंदू. धाकट्या मुलानं तिला दारात सोडलं आणि तो बाजारात निघून गेला. मी पीठ द्यायला गेले होते म्हणून आत होते, नाहीतर मला कुणी सांगितलं नसतं. अव्वानं आंघोळ केली, पूजा केली. अक्कानं ताट वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, दही. मायलेकी समोरासमोर बसल्या. अव्वा सावकाश जेवत होती, अक्का तिच्या हाताकडं बघत होती. हातातून तोंडात, तोंडातून खाली. प्रत्येक घासाला अक्काच्या गळ्यातली शीर हलत होती, जणू तीच गिळतेय. ताट पुसून निघालं. अव्वा पाणी प्यायली आणि पेला पालथा घातला.

आता अक्कानं 'आ करा' म्हणायचं होतं. आईला कसं सांगायचं?

अव्वानं हाताचा आधार घेऊन अंग पुढं केलं, लेकीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि सांगायच्या आधीच आ केला. दात नसलेलं, रिकामं तोंड. ती ते तसंच उघडं धरून बसली, अक्काला नीट बघून होईपर्यंत.